नारळासकट परत आलेली पुस्तकं

अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट, हे आधीच कबूल करते. मी चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती आणि घरी धाकटी भावंडं होती, म्हणून तिथेच थांबले. काना, मात्रा, वेलांटी जिथे चुकली असेल तिथे ज्याच्या हातात ही वही पडेल त्याने मनातल्या मनात दुरुस्त करून घ्यावी आणि मला माफ करावं. तशी वही कुणाच्या हातात पडावी म्हणून लिहीत नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो, आणि सांगण्यासारखं तर पुष्कळ साठलंय. म्हणून दुपारी गच्चीवर पापड वाळत टाकले की कावळ्यांवर लक्ष ठेवता ठेवता चार ओळी लिहिते.

गोष्ट माझ्या मुलीच्या पुस्तकाची आहे, म्हणजे खरं तर ते ज्यांनी वाचलं त्यांची. मुलगी सांगलीला विश्रामबागेत एका ऑफिसात कामाला आहे आणि तिथेच माझ्या नणंदेच्या घरी वरच्या खोलीत राहते. मी आणि मुलीचे वडील साताऱ्यात. हे फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले, आता एका दवाखान्याच्या गेटवर बसतात. मी पापड, कुरडया, सांडगे करून देते. आमच्या घरात कुणी पुस्तक लिहील असं कुणाच्या स्वप्नात आलं नसतं. मुलीने तीन वर्षं ऑफिसातून आल्यावर लिहिलं आणि आम्हाला लिहून झाल्यावरच सांगितलं.

पुस्तकाचं नाव इथे देत नाही, तिनेच नको म्हटलंय. पण गोष्ट थोडक्यात सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एका मुलखात सात किल्ले आकाशात तरंगत असतात. प्रत्येक किल्ल्यावर एक जादूगार. तो मंत्र म्हणत राहतो म्हणून किल्ला वर राहतो, तो थांबला की किल्ला खाली यायला लागतो. जमिनीवरच्या लोकांनी मान वर करून बघायचं नाही असा हुकूम असतो. सातव्या किल्ल्यावर एक म्हातारी जादूगारीण आहे. चाळीस वर्षं मंत्र म्हणून ती कंटाळते आणि ठरवते की आपला किल्ला हळूच खाली उतरवायचा. बाकीचे सहा जण आपापले किल्ले घेऊन तिच्यावर चालून येतात. शेवटी किल्ला जमिनीला टेकतो, एक दगडसुद्धा हलत नाही, पण म्हातारी मरते.

छापायच्या आधी मी ते कागदांवर वाचलं. दीड महिना लागला. काही शब्द तिला फोन करून विचारले. शेवटचं पान वाचलं तेव्हा कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या होत्या आणि मला एकही ऐकू आली नव्हती. डाळीचा पार गाळ झाला.

पुण्याच्या एका प्रकाशकाने तिला उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने सांगितलं, छापतो, पण खर्च तुमचा, आणि जो आकडा सांगितला त्यात आमचं स्वयंपाकघर नवीन झालं असतं. मग सांगलीच्या एका छापखान्यात चौकशी केली. तीनशे प्रतींना तीस हजार. मुलीकडे तेवढे नव्हते. ती म्हणाली, राहू दे आई, पुढच्या वर्षी बघू. पण ते "राहू दे" ती ज्या आवाजात म्हणाली तो मला सहन झाला नाही, आणि मी तिला साठवलेले आहेत असं सांगून बचत गटात कर्ज मागायचं ठरवलं.

आमचा गट बारा बायकांचा. महिन्यातून एकदा दुपारी देवळाच्या मंडपात बसतो. गटात एका वेळी एकीलाच मोठं कर्ज मिळतं. ते फिटलं की पुढचीचा नंबर. आजवर म्हशीला, शिलाई मशीनला, पोरांच्या फीला पैसे उचलले गेले होते. सात वर्षांत मी तिथे "हजर" याशिवाय फारसं काही बोलले नव्हते. त्या दिवशी उभी राहिले.

"बोला की," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्या कराडकडच्या, ऊसवाल्यांच्या घरातल्या. आवाज असा की देवळाबाहेरची कुत्री उठून बसतात. "किती पायजेत?"

"तीस."

"कशाला?"

"पुस्तक छापायला."

"पोथी हाय का कसली?"

"नाही. जादूगारांचं आहे. किल्ले उडतात त्यात."

नंबर खरं तर माझ्या शेजारणीचा होता. आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत आहे. तिला घरघंटी घ्यायची होती, घरात बसून चाळीतल्यांची दळणं करायची म्हणून. नवऱ्याच्या कमरेचं दुखणं, त्याच्याच्याने फारसं काम होत नव्हतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "लेकीचं पुस्तक हाय व्हय? मग घ्या तुमी आदी. सा म्हयन्यांत फिटंल न्हवं?"

"फिटेल," मी म्हणाले.

तो शब्द मी दिला होता, बारा बायकांसमोर. पुढे जे जे झालं त्यात रोज सकाळी डोळे उघडले की मला आधी भिंतीपलीकडची ती घरघंटी आठवायची.

पुस्तकं आली. नणंदेच्या ओळखीच्या टेम्पोतून चार खोकी उतरली. निळं कव्हर, वर किल्ला, खाली ढग. पन्नास मुलीने ठेवली, उरलेली माझ्याकडे. पापडाची गिऱ्हाइकं साताऱ्यात माझी भरपूर आहेत, तिथेच खपतील असा माझा हिशोब.

पण मी पुस्तकं विकली ती पापडासारखी. माझ्या धंद्यात मी कधी कुणाकडे आधी पैसे मागितले नाहीत, तोंडच उघडत नाही. डबा पोचवायचा, "चव बघा" म्हणायचं आणि निघायचं. आठ-दहा दिवसांनी डबा घरपोच येतो, आत पैसे असतात. शिवाय रिकामा डबा परत द्यायचा नाही ही आपल्याकडची रीत, म्हणून पैशांच्या जोडीला मूठभर साखर, दोन पेरू, असं काहीतरी असतंच. पुस्तकाचंही मी तसंच केलं. दारात जायचं, पुस्तक हातात द्यायचं, "मुलीचं आहे, वाचून बघा" म्हणायचं आणि निघायचं. किंमत मागे छापली आहे, दिसेलच, अशी माझी समजूत. महिन्याभरात ऐंशी घरांत पुस्तक गेलं. मुलीला मी फोनवर ऐटीत सांगितलं, ऐंशी गेली.

पहिलं पुस्तक परत आलं ते एका शिक्षकाच्या बायकोकडून. पिशवीत पुस्तक, वर एक नारळ.

"लई छान लिहिलंय हो," ती म्हणाली. "आमच्या ह्यांनी वाचलं, मग वरच्या मजल्यावरच्यांनी नेलं, म्हणून उशीर झाला. राग मानू नका."

ती गेल्यावर मी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळलं. पाठीला धरून झटकलं. नोट काही पडली नाही.

मग रांगच लागली. पापड खाऊन संपतो, त्यामुळे डबा परत आला तरी पापडाचे पैसे येतात. पुस्तक वाचून संपत नाही, जसंच्या तसं राहतं. लोकांना वाटलं, या बाईने प्रेमाने वाचायला दिलं, आता आठवणीने परत करावं. आणि रिकामं कसं परत करायचं? म्हणून कुणी नारळ दिला, कुणी गुळाची ढेप, कुणी भुईमुगाच्या शेंगा. पाचगणीला बहीण असलेल्या एकीने स्ट्रॉबेरीची पेटी दिली. एका पुस्तकात खुणेला मोरपीस राहिलं होतं, एकाच्या कव्हरवर ताकाचा ओघळ होता. मी प्रत्येकीला "अहो कशाला" म्हणून नारळ घेतला. "हे विकत होतं" एवढे तीन शब्द एकीलाही बोलू शकले नाही.

फळीवर अकरा नारळ झाले तेव्हा हे म्हणाले, "आता हारफुलांचं दुकान टाक. देवळासमोर जागा बघू का?"

पैसे आले नाहीत, पण मतं मात्र पोतं भरून आली. पुस्तक परत देताना माणूस नुसतं देत नाही, उंबऱ्यावर उभं राहून काय वाटलं ते सांगतं. आणि आमच्या साताऱ्यात लहान पोरसुद्धा किल्ला चढून आलेलं असतं. किल्ला म्हणजे काय असतो हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही.

पहिलं मत घरातलंच. ह्यांनी तीन रात्रपाळ्यांत गेटवर बसून पुस्तक संपवलं.

"सात किल्ले, सात जादूगार," ते चहा पिताना म्हणाले. "म्हणजे एका पोस्टला एकच माणूस? चोवीस तास? फौजेत दोन घंट्याला संतरी बदलतो. हिच्या पुस्तकात रिलीव्हरच नाही."

"अहो, तो जादूगार आहे."

"म्हणून काय झालं? जादूगाराला लघवीला जावं लागत नाही? तेवढ्यात किल्ला खाली आला म्हणजे?"

पण पुस्तक त्यांनी परत गेटवर नेलं आणि दवाखान्याच्या दोन वॉर्डबॉयना वाचायला दिलं. जादूगारांच्या लढाईचं पान दुमडून ठेवलं होतं.

शेजारणीने वाचताना शोधलं ते पाणी. तिचा सवाल सरळ होता. "एवढा मोठा किल्ला, वर शंभर माणसं. पाण्याचं टाकं कुटं हाय? ढगात हाय म्हनून पाऊस पडंल, पर पाऊस तर ढगाच्या खाली पडतो. वर कसा पडंल?"

मी चहाचं आधण ठेवलं.

खालच्या गल्लीत दूध घालणाऱ्या एक म्हाताऱ्या आजी आहेत. त्यांना वाचता येत नाही, सुनेने वाचून दाखवलं. त्या काठी टेकत आल्या. "बाय, समदं झ्याक हाय. पर वर एक बी जनावर न्हाई. म्हस न्हाई, शेळी न्हाई. मग ती जादूगारीण दूद कुटलं पीती?" मग काठी उचलत म्हणाल्या, "म्हनूनच मेली आसंल."

आणि अध्यक्षबाईंनी तर मला बाजारात भर गर्दीत अडवलं. "तुज्या लेकीला इचार. किल्ला आठ-आठ दिस एकाच जागी हुभा ऱ्हातो. मग खाली सावली पडती का न्हाई? आमच्या कराडच्या रानावर अशी सावली पडली तर उसाला ऊन कुटलं? भरपाई कोन देनार, जादूगार?"

दर रविवारी सकाळी मुलीचा फोन यायचा. "आई, काय म्हणतायत लोक?" तेव्हा मी हे सगळं गिळायचे. सगळ्यांना आवडलं, म्हणायचे. अमकीला रडू आलं, तमकीने दोनदा वाचलं. तेही खरंच होतं. पण टाक्याचं, म्हशीचं, उसाचं काही सांगितलं नाही. आणि पैशांचं तर मुळीच नाही.

पहिले दोन हप्ते उन्हाळी पापडांवर निघाले. पावसाळा लागला आणि पापड वाळायचे बंद झाले. तिसऱ्या महिन्याला मी गटात पाचशे रुपये घेऊन गेले आणि मान खाली घालून बसले. चौथ्या महिन्याला तेवढेही नव्हते. शेजारीण तोंडावर कधी वाईट बोलली नाही. फक्त बैठकीत माझ्या शेजारी बसली की माझ्या कानाशी हळूच म्हणायची, "माजी गिरनी कुटल्या किल्ल्यावर अडकलीय वो? तिसऱ्या का चवथ्या?" बायका हसायच्या, मीही हसायचे. घरी आल्यावर मात्र भिंतीपलीकडून तिच्या नवऱ्याचं कण्हणं ऐकू यायचं. दळणाला ती अजून डोक्यावर डबा घेऊन अर्धा मैल चालत होती.

पाचव्या बैठकीत अध्यक्षबाईंनी विचारलं, "ऐंशी पुस्तकं गेली म्हनतीस. दोनशे रुपयांनी सोळा हजार झालं. गेलं कुटं?"

मी खरं सांगितलं. नारळ आहेत, म्हणाले. सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण त्या बारा जणींपैकी नऊ जणींनी मला पुस्तक परत केलं होतं, नारळासकट.

"अगं माजे आये," एक जण म्हणाली, "ते इकत हुतं?"

"मागं किंमत छापलीय," मी म्हणाले.

"मागचं कोन बगतंय! तू 'वाचून बगा' म्हनालीस. 'घ्या' म्हनाली असतीस तर घेतलं नसतं का?"

"घेतलं असतंस व्हय?" अध्यक्षबाईंनी तिला विचारलं.

ती जरा वेळ विचार करून म्हणाली, "न्हाई. दोनशे रुपयं म्हंजी जरा हुतंच की."

हशा पिकला. मीही हसले, पण डोळ्यांत पाणी होतं ते पदराने टिपलं. अध्यक्षबाईंनी ते बघितलं असावं. त्यांनी मंडपाच्या कोपऱ्याकडे हात केला. तिथे गटाची लग्नाची भांडी असतात. मोठी पातेली, घमेली, झारे, परातींचा ढीग. कुणाच्या घरी कार्य असलं की आम्ही ती भाड्याने देतो.

"ती पातेली आपन इकतो का?" त्या म्हणाल्या. "न्हाई न्हवं? भाड्यानं देतो. लोकं वापरत्यात, घासून परत आनून देत्यात. ही पुस्तकं बी परत येत्यात, मग तशीच द्यायची. आट दिसांला ईस रुपयं. भांड्याच्या वहीतच लिवायचं. आन् नारळ घ्यायचा न्हाई कुनी."

"नारळ चालंल की," शेजारीण म्हणाली. "ईस रुपयं आन् वर नारळ."

असं ते सुरू झालं. माझ्यासारखीला हे सोपं पडलं, कारण मागायचं काम माझं राहिलं नाही. प्रत्येक बाईने आपल्या गल्लीत दहा-दहा पुस्तकं नेली. भांड्याच्या वहीत मोठं पातेलं, त्याखाली घमेली, त्याखाली पुस्तक, अशी नोंद होऊ लागली. "जादूगार गेलाय का कुणाकडे?" असं बायका वाणसामानाच्या दुकानात एकमेकींना विचारू लागल्या.

मुलीला हे माझ्याकडून नाही, नणंदेकडून कळलं. तिचा फोन रविवारच्या आधीच आला.

"आई, माझं पुस्तक पातेल्यांबरोबर भाड्याने जातंय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू म्हणालीस ऐंशी खपली."

"गेली म्हणाले. खपली नाही म्हणाले."

मग ती म्हणाली, "मी येते शनिवारी."

शनिवारी गटाची बैठक होती. मी तिला नेणार नव्हते, पण ती सांगलीहून थेट मंडपातच आली, खांद्याला पिशवी, तोंड आवळलेलं. तिला वाटलं होतं, जाऊन पुस्तकं परत मागून घ्यावीत. तसं ती मला नंतर म्हणाली. पण तिथे बारा जणींच्या जागी तीस बायका बसल्या होत्या, लेखिका येणार म्हणून; ती शनिवारी येतेय हे मी शेजारणीला बोलून गेले होते. दूधवाल्या आजीही खांबाला टेकून होत्या.

ती बसते न बसते तोच शेजारणीने विचारलं, "पोरी, पानी कुटनं येतं वर?"

"काय?"

"किल्ल्यावर. टाकं न्हाई कुटं लिवल्यालं. मी दोनदा वाचलं."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"ती जादू आहे मावशी," ती म्हणाली.

"मग जादूनं पानी आलं आसं तरी लिवायचं. आमाला काय कळनार?"

"आन् म्हस?" आजी म्हणाल्या.

"आन् सावलीचं बोल," अध्यक्षबाई म्हणाल्या. "उसाचं काय?"

"कसली सावली?"

अध्यक्षबाईंनी हाताने दाखवलं. वर परात धरली, खाली आपला दुसरा हात. परातीखाली हात काळोखात गेला. "ह्यो किल्ला. ह्यो माजा ऊस. आट दिस. आता बोल."

मुलगी त्या परातीकडे बघत राहिली. तिचं आवळलेलं तोंड हळूहळू सैल झालं. तिने पिशवीतून पेन काढलं. कागद नव्हता, म्हणून भांड्याच्या वहीच्याच मागच्या पानावर ती लिहू लागली. "थांबा, थांबा," म्हणाली, "सावली कुठून कुठपर्यंत सरकेल? सकाळी कुठे असेल?"

मग काय विचारता! प्रत्येकीला सावलीबद्दल काहीतरी ठाऊक होतं. कुणी म्हणालं, उन्हाळ्यात लोक मुद्दाम किल्ल्याच्या सावलीत घरं बांधतील. कुणी म्हणालं, सावलीत पापड वाळणार नाहीत, हिची आई उपाशी मरेल. ते शेजारीण म्हणाली हे सांगायला नको. आजी म्हणाल्या, सावलीत जनावरं बसतील, म्हणजे म्हशी खालीच राहू देत, वर नकोत. दीड तास हे चाललं. हप्त्याचं नावही कुणी काढलं नाही.

निघायच्या वेळी शेजारणीचा आवाज बदलला. "एक इचारू का? त्या म्हातारीला मारायची काय गरज हुती? चाळीस वरसं राबली बिचारी. जमिनीला पाय लागल्यावर निदान घोटभर गार पानी तरी प्यायला द्यायचंस."

"मलाही लिहिताना रडू आलं, मावशी."

"मग लिवलंस कशाला?"

मुलीने पेनाचं टोपण लावलं. घरी येताना ती मला म्हणाली, "आई, तू हे सगळं मला का नाही सांगितलंस?" मी म्हणाले, तुला वाईट वाटेल म्हणून. ती म्हणाली, "वाईट वाटलंच ना. पण सावलीचं मला तीन वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं गं." त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं की तीस हजार कुठून आले होते आणि कुणाचा नंबर अडला होता. त्यावर ती फार बोलली नाही. जाताना शेजारणीच्या दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "मावशी, तुमच्या गिरणीचं माझ्याकडे लागलं."

पुढचं काम सांगलीने केलं. नणंदेच्या कॉलनीतल्या भिशीत मुलीने स्वतःच पुस्तक नेलं आणि आधी गोष्ट न सांगता साताऱ्याच्या बायकांचे सवालच सांगितले. म्हैस, टाकं, ऊस आणि ह्यांचा रिलीव्हर. तिथल्या बायका पोट धरून हसल्या आणि मग कुणीतरी म्हणालं, बघू तरी काय आहे ते. तिथे किंमत मागे आहे हे मुलीने पहिल्याच वाक्यात सांगितलं. ती माझ्यासारखी नाही, बरं आहे. एका रिटायर शिक्षिकाबाईंनी वाचून दोन पानी पत्र लिहिलं, कल्पना चांगली पण मधला भाग रेंगाळतो, भाषा चांगली पण उपमा फार. मुलीने ते मला फोनवर वाचून दाखवलं. मी म्हणाले, म्हणजे आवडलं का नाही? ती म्हणाली, पाच प्रती विकत घेतल्या त्यांनी, भाच्यांना द्यायला. मग त्यांच्या कॉलेजच्या जुन्या मैत्रिणींनी बोलावलं, मग एका वाचनालयाने. सावलीचं सांगितलं की दर ठिकाणी कुणीतरी शेतकऱ्याच्या घरचं उठून पुढचा सवाल विचारायचं. म्हैसाळकडच्या एकाने विचारलं म्हणे, आमच्या उपसा योजनेसारखं किल्ल्याला लिफ्टचं पाणी चढेल का. मुलगी दर महिन्याला पैसे पाठवायची आणि इकडे वीस-वीसचं भाडं जमत होतंच.

सहा महिन्यांचा शब्द मला पाळता आला नाही, अकरा महिने लागले. काही पुस्तकं हरवली, एक पावसात भिजून फुगलं, सदतीस अजून पलंगाखाली आहेत. शेजारणीचा नवरा बसून राहायला कंटाळून त्यातलंच एक तीनदा वाचून बसला आहे आणि त्याचं म्हणणं सगळ्यांहून वेगळं, की म्हातारी मेलेलीच नाही, नीट वाचा.

संक्रांतीनंतरच्या बैठकीत मी शेवटचे चार हजार दोनशे नेले. त्यात मुलीचे तीन हजार, पापडांचे आठशे आणि भाड्याचे चारशे, ते सगळे विसाच्या नोटांत. अध्यक्षबाईंनी बोट ओलं करून नोटा मोजल्या, मग शेजारणीकडे दिल्या. तिनेही मोजल्या. व्याजाचे धरून सगळे बरोबर निघाले. माझ्या पासबुकात अध्यक्षबाईंनी बाकीच्या रकान्यात शून्य काढलं आणि खाली सही केली. मग लगेच नवीन कर्जाचा कागद काढून त्यावर शेजारणीचं नाव घातलं.

"बोला की काहीतरी," त्या मला म्हणाल्या.

मी उभी राहिले. घसा कोरडा होता, पण आवाज निघाला. "सगळे फिटले," मी म्हणाले.